मुंगळ्यांची गल्ली

धाकटीला दिवस गेलेत हे तिच्या नवऱ्याच्या आधी मला कळलं. गोदामाच्या बाथरूममध्ये ती बेसिनला धरून उभी होती, तोंड पांढरंफटक, आणि आरशातूनच माझ्याकडे बघत म्हणाली, "ताई, घरी सांगू नका हं एवढ्यात."

मी म्हटलं, "घरी नाही सांगत. पण मनगटाला काय सांगणार आहेस?"

धाकटी म्हणजे माझ्या दिराची बायको. आम्ही दोघी जावा एका घरात राहायचो आणि एकाच गोदामात कामाला होतो. लोकांना नवल वाटायचं, जावाजावांचं इतकं कसं पटतं म्हणून. पटतबिटत काही नव्हतं. ती भांडी घासून ओलीच एकात एक घालून ठेवते, दिवा बंद करायचा तर तिच्या जिवावर येतं, आणि मी काही बोलले की डोळ्यांत पाणी आणून मोकळी होते. पण सकाळी कामाला जाताना बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपायची, आणि मी उतरेपर्यंत खांदा हलू देत नसे. आमचं प्रेम म्हणाल तर एवढंच.

मनगटाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचं काम म्हणजे गिऱ्हाइकांनी मागवलेला माल उंच मांडण्यांमधून शोधून काढायचा, टोपलीत टाकायचा आणि सरकत्या पट्ट्यावर नेऊन सोडायचा. पूर्वी मुकादम मागे मागे फिरायचा, "चला, पाय उचला," म्हणत. त्याच्यावर चिडता तरी यायचं. जेवणाच्या सुट्टीत त्याची नक्कल करून पोट धरून हसता यायचं. मग कंपनीनं त्याला वर काचेच्या खोलीत बसवलं आणि आम्हाला प्रत्येकीला एकेक घड्याळ दिलं.

वेळ दाखवायचं सोडून ते घड्याळ बाकी सगळं करायचं. त्याच्या चौकोनात एक इवलासा माणूस होता. आपण चाललो की तो पळायचा. आपण थांबलो की तोही थांबायचा आणि कमरेवर हात ठेवून पाय आपटायचा, मेला. आम्ही त्याचं नाव पळपुट्या ठेवलं होतं. त्याच्या वाटेत पिंपं यायची, खाली झुकलेल्या तुळया यायच्या, खड्डे यायचे. ते चुकवायचे आणि वाटेतले तारे गोळा करायचे. तारे पुरेसे झाले की पळपुट्याला काहीतरी नवीन मिळायचं. आधी लाल बूट. मग लोहचुंबक, म्हणजे लांबचे तारेही आपोआप ओढले जायचे. आणि त्याच्या वर ढाल.

पहिले काही दिवस आम्हाला फार मजा वाटली, खोटं कशाला बोलू. पन्नाशीला आलेल्या बायका एकमेकींना मनगट दाखवत फिरत होत्या. माझा नवरा असलाच खेळ मोबाइलवर सोफ्यात लोळून खेळतो. त्यानं माझं घड्याळ उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाला, "बघ, मी फुकट पळतो, तुला पळायचा पगार मिळतो." मी म्हटलं, "तुम्ही अंगठ्यानं पळता. माझ्या टाचा बघा एकदा."

पण ती पिंपं नुसती चित्रं नव्हती. गोदामात माल वाहायला चपट्या गाड्या होत्या, ड्रायव्हर नसलेल्या, आपल्या आपण रांगेत चालणाऱ्या. आपल्याहून चौपट मोठ्या मांडण्या पाठीवर घेऊन जायच्या, म्हणून आम्ही त्यांना मुंगळे म्हणायचो. घड्याळातलं पिंप म्हणजे कोपऱ्यावरून येणारा मुंगळा. पिंप चुकवलं की तारा मिळायचा आणि आपला जीवही वाचायचा. मुंगळ्यांना माणूस दिसत नाही, त्यांना घड्याळ दिसतं. ढाल मिळाली की मुंगळे तुमच्यापासून लांबच थांबतात. ढाल नसली की अगदी पायाशी येऊन थांबतात. ज्या बाया हळू चालायच्या, म्हातारपणामुळे म्हणा की गुडघ्यांमुळे, त्यांना ढाल कधी मिळायचीच नाही, आणि खरी गरज त्यांनाच होती. हे मी एकदा सगळ्यांसमोर मुकादमाला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "खेळ आहे बाई, खेळासारखं घ्या."

आठवडा संपला की ज्यांचा पळपुट्या सगळ्यांत मागे राहिला, त्यांना पुढच्या सोमवारी फाटकावर घड्याळ मिळायचं नाही. कुणी रागवायचं नाही की कारण सांगायचं नाही. घड्याळ नाही म्हणजे फाटक उघडत नाही, बस्स.

आणि धाकटीला पळायची बंदी होती. आदल्या वर्षी तिचं एकदा पडून गेलं होतं. तेव्हा ती कित्येक दिवस भिंतीकडे तोंड करून झोपून होती, आणि सासूबाई येता-जाता म्हणत होत्या, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं." या खेपेला डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, धावपळ नाही, ओझं नाही, जमेल तेवढं बसून राहायचं. बाळंतपणाची रजा हवी तर ती मिळेपर्यंत कामावर टिकायला हवं, आणि टिकायचं तर पळायला हवं. दिराचं काम सुटलेलं. तिनं माझ्यापुढे हा सगळा गुंता मांडला आणि नेहमीप्रमाणे रडायला लागली.

"रडू नकोस," मी म्हटलं. "रडून तारे मिळत नाहीत."

"ताई, माझं घड्याळ तुम्ही घालाल?" ती डोळे पुसत म्हणाली. युक्ती तिचीच. वाटते तेवढी भोळी नाही ती.

मग आमचा रोजचा क्रम ठरला. फाटकातून आत येताना दोघींच्या हातांत आपापलं घड्याळ. आत आलो की बाथरूममध्ये ती आपलं काढून माझ्याकडे द्यायची, आणि मी ते कोपराच्या वर, बाहीखाली बांधायची. ती जाऊन बसायची परतीच्या कोपऱ्यात. गिऱ्हाइकांनी परत पाठवलेला माल तिथे खोक्यांमधून रचून ठेवलेला असायचा, पार छताला टेकेल इतका. तिकडे मुंगळ्यांची वाट नव्हती आणि दुपार टळेपर्यंत कुणी फिरकतही नसे. खोक्यांच्या मागे एक उलटा क्रेट टाकून ती बसायची. नुसतं बसायला तिला लाज वाटायची, म्हणून परतीचे बूट जोडीनं लावून ठेवायची, बाहुल्यांचे केस सारखे करायची. मी जाता-येता डोकावून जायची.

आणि मी दोघींचं पळायची. पट्ट्यापाशी टोपली रिकामी होईपर्यंत बाकीच्या उभ्या राहायच्या, मी जागच्या जागी पळायची. सामानाच्या लिफ्टची वाट बघताना जागच्या जागी. पाण्याच्या नळाशी जागच्या जागी. आमच्यात एक बडबडी होती, तिला सगळे रेडिओ म्हणायचे. ती मला बघून म्हणायची, "हिच्या अंगात आलंय गं!" मी आणखी जोरात गुडघे उचलून दाखवायची. हसू देत की. दोन्ही पळपुटे पुढे होते, दोघांकडे ढाल होती, आणि धाकटीच्या गालांवर रंग आला होता. घड्याळात आम्ही दोघींना जोडीदार म्हणून लावून घेतलं होतं, त्यामुळे माझ्या पळपुट्याच्या मागे तिचाही इवलासा दिसायचा. बाळानं पहिल्यांदा लाथ मारली तेव्हा तिनं परतीच्या कोपऱ्यातच माझा हात ओढून पोटावर ठेवला. मी घामानं निथळत होते. "हा बघा, तुमच्यासारखाच," ती म्हणाली. मी तिला क्रेटवर नीट टेकून बस म्हटलं.

मध्यंतरी कंपनीनं खेळात एक बदल केला. झालं होतं असं, की दमल्यावर बाया आपलं घड्याळ काढून मांडण्यांमधल्या गल्लीच्या तोंडाशी जमिनीवर ठेवायच्या. मुंगळ्यांना वाटायचं माणूस उभा आहे, ते थांबायचे, आणि गल्लीत दोन घटका पाठ टेकायला मिळायची. वरच्या लोकांच्या ते लक्षात आलं. मग सगळ्यांच्या घड्याळात आलं, जे घड्याळ हलत नाही ते माणसाच्या हातात आहे असं धरलं जाणार नाही. थोडा वेळ हालचाल दिसली नाही की मुंगळे सरळ पुढे निघणार. रेडिओ म्हणाली, "म्हणजे मेलं की लगेच अंगावरून जाणार, वाट बघणार नाहीत." आम्ही हसलो. मीही हसले, पण त्या दिवशी पट्ट्याजवळ मी नेहमीपेक्षा जोरात पाय उचलले.

तो दिवस गुरुवारचा. सकाळचा चहा झाला होता. पट्ट्यांचा आवाज एवढा असतो की आम्ही सगळ्या कानांत रबरी बोळे घालतो, घड्याळाची टणटण फक्त हाडातून कळते. तशी ती कळली. पडद्यावर अक्षरं आली, "नवीन टप्पा! नवीन वाट! दुप्पट तारे!" गल्लीत सगळ्यांची मनगटं वर झाली. लोक खूश. माझा पळपुट्या एका वळणाशी आला, जिथे कालपर्यंत भिंत होती. भिंत उघडली. आत दोन्ही बाजूंनी उंच उंच खोकी, छतापर्यंत.

असली खोकी गोदामात एकाच ठिकाणी होती. माझ्या हातातली टोपली तिथेच सुटली.

मी पळाले. सात-आठ वर्षांत मी त्या गोदामात अशी पळाले नव्हते. घड्याळ टणटणत होतं, तारे जमा होत होते, आणि मी शिव्या देत होते, घड्याळाला, मुकादमाला, स्वतःला आणि तिलाही. कोपऱ्यावर वळले तर परतीच्या मालाची एक लोखंडी मांडणी आडवी झालेली. पहिला मुंगळा तिला धडकून तिच्याखालीच अडकला होता आणि चाकं फिरवत होता. खोकी फुटून बाहुल्या सगळीकडे पडल्या होत्या. त्यांच्या मागून धाकटीचा आवाज आल्यासारखा वाटला. मी कानांतले बोळे काढून फेकले.

"ताई, पाय. पाय निघत नाही."

मांडणीचा खांब तिच्या घोट्यावर पडला होता. पोटाला काही लागलं नव्हतं. तिनं दोन्ही हातांनी पोट असं धरलं होतं की तिथे कुणाला हात लावू देणार नाही. मी खांबाला हात घातला आणि जोर लावला. तो मला काय दाद देणार! तेवढ्यात मागून दुसरा मुंगळा आला. मी वळले, तर तो थांबला, चांगला लांब. माझ्या ढालीमुळे. त्याच्या मागे तिसरा थांबला, त्याच्या मागे आणखी. सगळ्यांचे लाल दिवे माझ्याकडे. मला वाटलं, सुटलो.

मी वाकून पुन्हा खांब उचलायला गेले. दम धरून, पाय रोवून, खांद्यानं जोर देत राहिले, आणि मागे चाकांचा आवाज झाला. मुंगळा पुढे सरकला होता. मी जोर लावत होते, पण हात एका जागी होते. घड्याळाच्या हिशेबी मी हलत नव्हते. मी उडी मारून उठले आणि हात झाडले. तो थांबला.

मग मी जागच्या जागी पळायला लागले. दुसरं काय करणार? गुडघे वर, हात वर, आणि बेंबीच्या देठापासून ओरडत होते, "या गं कुणीतरी! मुकादम! थांबवा!" समोरच्या चौकातून बाया जात होत्या. रेडिओ गेली. तिनं मला बघितलं, हसली, आपणही दोन पावलं जागच्या जागी पळून दाखवली आणि मनगटाकडे बघत निघून गेली. तिच्या कानांत बोळे होते. धाकटी तिला खोक्यांमुळे दिसत नव्हती. मी मात्र रोजच्यासारखीच दिसत होते. दुसरी एक गेली, तिनं अंगठा वर केला. फोन आमचे फाटकावरच्या कपाटात बंद असतात. सगळं बंद पाडायचं लाल बटण होतं पार दुसऱ्या टोकाला, बांधणीच्या टेबलांपाशी. आणि मी हलले तर इथे घड्याळ राहणार नव्हतं.

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला किती वेळ लागला, त्याचा मला अजून राग येतो. माझ्याकडे दोन घड्याळं होती. मी बाही वर केली, तिचं घड्याळ सोडलं आणि तिच्या मनगटावर बांधलं.

"हात हलव," मी म्हटलं. "थांबवायचा नाही. काही झालं तरी थांबवायचा नाही. मी बटण दाबून येते."

"तुम्ही जाऊ नका ना ताई."

"हात हलव!" मी इतक्या जोरात ओरडले की ती दचकली, आणि तिनं हात हलवायला सुरुवात केली. मी दोन पावलं मागे झाले, चार झाले. मुंगळे जागचे हलले नाहीत. मग मी पाठ फिरवली.

त्या पळण्यातलं मला मनगट सोडून काही आठवत नाही. माझा पळपुट्या पुढे, त्याच्या मागे तिचा इवलासा. तो पळत होता म्हणजे ती हात हलवत होती. माझ्या वाटेत मुंगळे आले, टोपल्या आल्या, कुणाला तरी मी धक्का मारून पाडलं. तारेच तारे मिळत होते. पळपुट्याच्या पायात सोनेरी बूट आले. पट्ट्याखालून वाकून गेले तेव्हा तिचा इवलासा मंदावला. चालल्यासारखा झाला. मी "हलव गं, हलव गं" करत होते, तिला ऐकू जाणार नव्हतं तरी. तो थांबला. त्यानं कमरेवर हात ठेवले. मी टेबलांपर्यंत पोचले होते, बटणासमोर कुणीतरी खोकी रचली होती, मी ती हातांनी, डोक्यानं, कशानं ढकलली ते देवाला ठाऊक. त्या इवल्याशानं पाय आपटला. मी बटण दाबलं.

सगळं बंद झालं. पट्टे थांबले, दिवे गेले, छताजवळच्या खिडक्यांमधून दिवसाचा उजेड तेवढा राहिला. माझं घड्याळही काळं झालं. तो शेवटी पळत होता की नव्हता, ते बघायलाही काही उरलं नाही.

परत जाताना मला पळवेना. मी चालत होते. बाया कानांतले बोळे काढून "काय झालं, काय झालं" करत होत्या, आणि मी नुसतं बोट दाखवत होते. कोपऱ्यावर वळायच्या आधी मी उभी राहिले. वळायची हिंमत होईना.

मग आवाज आला. टप, टप, टप. पुठ्ठ्यावर काहीतरी आपटत होतं.

मुंगळा खूप जवळ आला होता, तिच्या आणि त्याच्यामध्ये एक बाहुली मावेल इतका. धाकटीचे डोळे मिटलेले होते, ओठ रक्ताळले होते, आणि हात चालू होता. उचलायची ताकद संपल्यावर ती तो जमिनीवरच्या पुठ्ठ्यावर आपटत होती. मी तिच्याजवळ धपकन बसले, तिच्या कपाळावर हात ठेवला.

"झालं गं, झालं. थांब आता. सगळं बंद केलंय मी."

"नको ताई," ती डोळे न उघडता म्हणाली.

"अगं, वीजच नाहीये. मुंगळे मेलेत सगळे. ठेव हात खाली."

"नको. थांबलं की येतात."

मी तिचा हात धरायला गेले, तर तिनं झटका देऊन सोडवून घेतला आणि पुन्हा आपटायला लागली. भीतीनं हिचं डोकं फिरलं, असं मला वाटलं. मी तिला कुशीत घेऊन बसले, तिचं डोकं माझ्या खांद्यावर, आणि सवयीनं मी खांदा हलू दिला नाही.

आणि दिवे आले.

पुढे कळलं ते असं. वरच्या काचेच्या खोलीत मुकादमानं पडदा बघितला होता. पडद्यावर आमच्या दोघींच्या खुणा हिरव्या होत्या, दोघी पळत होत्या, कुणी पडलेलं नव्हतं. कुणाचा तरी धक्का लागून बटण दबलं असणार, असं म्हणून त्यानं सगळं पुन्हा सुरू केलं. जिना उतरून खाली बघायला आला नाही. वर पडदा असताना खाली कशाला यायचं?

पट्टे गुरगुरले. मुंगळ्याचा लाल दिवा लागला, तो पुढे आला आणि थांबला. बाहुली त्याच्या चाकाखाली होती. मी तिथे होते, जिवंत, श्वास घेत होते, पण मी हलत नव्हते, म्हणजे मी नव्हतेच. तिच्या त्या आपटणाऱ्या हातानं त्याला थांबवलं. मी तिला खाली ठेव म्हटलं होतं, तोच हात.

मीही हात हलवायला लागले. ती डावा, मी उजवा. तोवर बाया आल्या. रेडिओ सगळ्यांत पुढे होती. तिनं मुंगळ्याच्या आणि आमच्या मध्ये उभं राहून दोन्ही हात हलवायला सुरुवात केली. मागच्या बायांनीही केली. मग चौघी-पाचजणींनी मिळून खांब उचलला, आणि ज्या उचलत होत्या त्यांच्या वाटचंही बाकीच्या हलत होत्या. सगळ्यांच्या मनगटांवर टणटण चालली होती, तारे पडत होते.

दवाखान्यात पोचेपर्यंत दुपार टळली होती. घोटा मोडला होता, प्लास्टर घातलं. सासूबाई आल्या, दीर आला आणि दाराशी लहान मुलासारखा उभा राहिला. धाकटीच्या हातातलं घड्याळ कुणीतरी काढून घेतलं होतं, तरी हात मात्र चादरीवर हलतच होता. नर्सनं दोनदा खाली ठेवला, दोनदा पुन्हा सुरू झाला. मग संध्याकाळच्या सुमाराला तो आपोआप थांबला. मला हायसं वाटलं. तिनं दोन्ही तळवे पोटावर ठेवले होते आणि ती कान देऊन काहीतरी ऐकत होती.

"ताई," ती म्हणाली. "हलत नाहीये."

सासूबाईंच्या हातातला पेला खाली पडला. मी म्हटलं, झोपलं असेल गं, लहान मुलं झोपतात. "नाही," ती म्हणाली, "कधीपासून हलत नाहीये. हलत नाहीये ते." तिचा आवाज चढत गेला. दीर डॉक्टरांना आणायला पळाला. मी तिच्या पोटावर हात ठेवला. पोट स्तब्ध होतं, काहीच नव्हतं, आणि मला माझ्याच हाताची धडधड लागत होती.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी पोटाला काहीतरी थंडगार चोपडलं आणि एक लहानसं यंत्र त्यावरून फिरवायला लागल्या. खरखर नुसती. इकडे फिरवलं, खरखर. तिकडे फिरवलं, खरखर. सासूबाई डोळे मिटून पुटपुटत होत्या. बाईंनी यंत्र बेंबीच्या खाली आणलं, जरासं तिरकं केलं, आणि खोलीभर आवाज घुमला. धकधकधकधक, भरधाव, न थांबता.

"ऐका," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या. "कसं पळतंय बघा तुमचं बाळ!"

सासूबाई रडायला लागल्या. दिरानं भिंतीला डोकं टेकलं. माझ्या जिवात जीव आला आणि मी धाकटीकडे वळले, हसतच वळले. ती हसत नव्हती. तिचं तोंड भीतीनं वेडंवाकडं झालं होतं. कोपरांवर जोर देऊन ती अर्धी उठली, पोटाशी वाकली आणि कुजबुजत म्हणाली,

"नको रे बाळा, पळू नकोस. निवांत पड. इथे कुणी येत नाही, मी आहे ना. पळू नकोस."